पिसवा कुत्र्यावर कमी, घरात जास्त

कुत्र्याच्या अंगावर दोन-चार पिसवा दिसल्या की आपण त्याला औषध लावतो, आणि महिन्याभरात तो पुन्हा खाजवू लागला की औषधाला बोल लावतो. औषध बहुधा ठीकच असतं. अंगावर असतात त्या फक्त मोठ्या पिसवा. रक्त प्यायल्यावर दीड-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, रोज ४०-५० पर्यंत. अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. कुत्रा जिथे लोळतो तिथे गळतात. म्हणजे त्याचं गोणपाट, सोफ्याखालचा कोपरा, फरशीच्या फटी. उबदार, दमट हवेत तीन-चार आठवड्यांत नवी पिढी उडी मारायला तयार होते. म्हणून पावसाळा लागायच्या आधीच, मे अखेरीस सुरुवात करा. कोकणात आणि मुंबईत दमटपणा कायमचाच, तिथे बाराही महिने खंड पडू देऊ नका.

आधी खात्री करा. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला विंचरा, निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर तसा रंग सुटत नाही.

मग वजन. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. अंदाजाने औषध आणू नका. फिप्रोनिलच्या नेहमीच्या १० टक्क्यांच्या थेंब-औषधात १० किलोपर्यंत ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४ आणि २० ते ४० किलोला २.६८ मिलीची नळी येते. दोन खांद्यांच्या मधले केस बाजूला करून नळी थेट कातडीवर रिकामी करा. केसांवर सांडलेलं औषध वाया जातं, आणि जीभ पोचेल अशा जागी लावलं तर कुत्रा ते चाटतो. हे औषध कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरतं. शाम्पूने तोच धुऊन निघतो, म्हणून लावण्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: सकाळी चकचकीत आंघोळ, संध्याकाळी औषध. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला यातलं काहीही लावू नका, फक्त फणी फिरवा.

गोळ्यांमध्ये अफॉक्सोलानर महिनाभर चालते, फ्लुरालानर १२ आठवडे. दुसरी जेवणाबरोबरच द्यायची. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, या गटातल्या गोळ्यांनी ते पुन्हा उद्भवू शकतात.

आता घर, म्हणजे खरं काम. अंथरूण आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. पहिले दोन-तीन आठवडे रोज व्हॅक्यूम फिरवा, तो नसेल तर फटी कुंच्याने झाडा. कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाका. जमिनीवर मारायच्या फवाऱ्यात पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन असेल तर अंडी-अळ्यांची वाढ थांबते. कोश मात्र कशालाच दाद देत नाहीत. ते महिनोन् महिने पडून राहतात आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास जाणवला की फुटतात. गणपतीला गावी जाऊन आल्यावर बंद घरात पायांना चावे बसतात ते यामुळेच! औषध सुरू केल्यावरही दोन-तीन महिने अधूनमधून पिसू दिसेल. डोस चुकवू नका, दुप्पटही करू नका.

घरात मांजर असेल तर तिलाही औषध हवं, पण मांजरांसाठी असलेलंच. कुत्र्यांच्या काही थेंब-औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.

रॉकेल चोळणं, कापूर लावणं, अंथरुणात डांबरगोळ्या ठेवणं, लसूण खाऊ घालणं यातलं काहीच करू नये. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, बाकीची तिन्ही विषारीच. कडुनिंबाच्या पाण्याने अपाय होईलच असं नाही, पण घरात पिसवांची वस्ती झाली असेल तर तेवढ्याने ती हटत नाही.

शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखे, कधी वळवळणारे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. अंग चावताना-चाटताना गिळलेल्या पिसवेतून तो पोटात जातो. त्यासाठी वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेलची गोळी डॉक्टरांकडून घ्या. पिसवा राहिल्या तर तो पुन्हा होईल.