नोकरदाराने आपल्या करिअरचा धंद्यासारखा हिशेब कसा मांडावा

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं क्वालिटी विभागात होतो. कारखान्याचं सत्तर टक्के काम एकाच गाडी कंपनीकडून यायचं. एका दिवाळीनंतर त्या कंपनीने तो पार्ट दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली आणि महिनाभरात आमची दुसरी पाळी बंद झाली. मालक म्हणाले, "एकाच गिऱ्हाइकावर एवढं विसंबायला नको होतं." त्या रात्री त्र्यंबक रोडने घरी येताना डोक्यात एकच विचार होता. मालकांचं निदान तीस टक्के काम तरी दुसरीकडून येत होतं. माझं शंभर टक्के उत्पन्न एकाच गेटातून येत होतं.

नोकरदार म्हणजे एकच गिऱ्हाईक असलेलं दुकान. साधं किराणा दुकान टाकायचं तरी आपण वर्षभर आकडेमोड करतो. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा मात्र कागदावर हिशेब नसतो. तो मांडायला दोनशे पानी वही आणि दोन रविवार पुरतात.

१. तुम्ही काय विकता ते लिहा

वहीच्या पहिल्या पानावर पद लिहू नका, काम लिहा. "क्वालिटी इन्स्पेक्टर" हे माझं पद होतं. मी विकत होतो ते वेगळं: ड्रॉइंग वाचणं, पहिला पीस तपासून पास करणं, चूक लाइनवर पसरायच्या आत पकडणं, ग्राहकाच्या ऑडिटला उत्तरं देणं.

आता पानाचे दोन भाग करा. डाव्या बाजूला याच कंपनीत उपयोगी पडणाऱ्या गोष्टी लिहा: इथले फॉर्म, इथली संगणक प्रणाली, कोणाची सही कुठे लागते, कोणत्या साहेबांना काय चालतं. उजव्या बाजूला बाहेरचा कोणीही पैसे देऊन घेईल ते. माझ्या यादीत चौदा गोष्टी होत्या, त्यातल्या नऊ डावीकडे गेल्या. अकरा वर्षांत मी कंपनीसाठी मौल्यवान झालो होतो, बाजारासाठी फारसा नाही. हे पान लिहिताना मन खट्टू होतं. तरीही घाई करू नका, पुढचं सगळं याच पानावर उभं राहतं.

२. बाजारात फिरा

घरबसल्या जाहिराती वाचणं म्हणजे बाजार बघणं नव्हे. नाशिकमध्ये सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या वसाहती आहेत, ओझरला विमानांचा कारखाना आहे, नाशिकरोडला नोटांची छपाई होते, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षं आणि वायनरी आहेत. तुमच्या उजव्या रकान्यातलं काम यांपैकी कुठे कुठे लागतं, ते शोधा.

ओळखीतल्या पाच-सहा जणांना भेटा. "माझ्यासाठी काही बघा" म्हणू नका, माणूस अवघडतो. विचारायचं एवढंच: "तुमच्याकडे कोणत्या कामाला माणूस मिळत नाही?" या प्रश्नावर लोक भरभरून बोलतात. मी सहा जणांना विचारलं. चौघांनी एकच सांगितलं: सीएमएम चालवणारे मिळतात, प्रोग्राम लिहिणारे मिळत नाहीत. सीएमएम म्हणजे मोजमापाचं मशीन. लाल खड्याचं टोक असलेला त्याचा प्रोब मोजायच्या पार्टला हलकेच टेकतो आणि स्क्रीनवर आकडा उमटतो. मी ते रोज चालवत होतो. प्रोब कुठे, कोणत्या क्रमाने टेकवायचा, हे मात्र दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेलं असायचं.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे चोरून दुसरी नोकरी करणं नव्हे. बहुतेक नेमणूकपत्रांत त्याला मनाई असते. उद्या वेळ आली तर निदान दोन ठिकाणं तुम्हाला बोलावतील, एवढी तयारी असली की पुरे.

३. रोखीचा हिशेब

चांगले चालणारे धंदेही हातात रोख नसल्याने बुडतात. महिन्याला घर चालवायला कमीत कमी किती लागतं, ते हप्ते धरून काढा. त्याच्या सहापट रक्कम बाजूला असावी. पीएफ त्यात धरू नका. ही रक्कम नसेल तर आधी ती उभी करा, कोर्स नंतर.

मग शिकण्याचा खर्च भांडवल समजून तपासा. माझी फी २८,००० रुपये होती. क्लासमुळे तीन महिने ओव्हरटाइम बुडणार होता, महिना ४,००० प्रमाणे १२,०००. एकूण ४०,०००. नव्या कामात पगार महिना ५,००० ने वाढेल असा अंदाज होता, म्हणजे आठ महिन्यांत भांडवल वसूल. बुडणारी कमाई खर्चात न धरणं ही इथली नेहमीची चूक. वसुलीला तीन-चार वर्षं लागणार असतील तर दुसरा मार्ग शोधा. अडचण अर्धवट पदवीची असेल, तर गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांसाठीही दार उघडं ठेवून आहे.

४. एकच उद्दिष्ट, तारखेसह

जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी उद्दिष्ट लिहिण्याची एक कसोटी मांडली. उद्दिष्ट नेमकं असावं, मोजता यावं, त्याला मुदत असावी, हा तिचा गाभा. "सीएमएम शिकायचं" हे झालं मनातलं. "मार्चअखेर तीन वेगवेगळ्या पार्टचे प्रोग्राम स्वतः लिहून चालवायचे" हे उद्दिष्ट.

आणि एका वेळी एकच. द्राक्ष बागायतदार विरळणी करतो तेव्हा चांगले दिसणारे घडही खाली पडतात. बघवत नाही, पण सगळे ठेवले तर एकही नीट भरत नाही. इंग्रजी संभाषण, एक्सेल आणि सीएमएम एकाच वर्षात धरलंत तर तिन्ही अर्धवट राहतील. माझं इंग्रजी मी दोन वर्षं मागे ठेवलं.

५. बेत फसला असं समजून लिहा

ही पद्धत मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये ती प्री-मॉर्टेम या नावाने मांडली. काम सुरू करण्याआधीच समजायचं की वर्ष उलटलं आणि बेत पार फसला. का फसला, याची कारणं लिहायची. "अडचण काय येईल?" असं विचारलं तर आपण "काही नाही, होईल" म्हणून मोकळे होतो. फसलंच आहे असं धरलं की खरी कारणं बाहेर येतात.

माझ्या पानावर तीन ओळी होत्या. डिसेंबरात डिस्पॅचची घाई, क्लास बुडाला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. शिकलो, पण कंपनीत मशीनला हात लावायला मिळाला नाही. मग मी रविवारची बॅच घेतली, ऑपरेशनची तारीख बहिणीशी बोलून आधीच ठरवली, आणि फी भरण्यापूर्वी सुपरवायझरला विचारलं, "जेवणाच्या सुट्टीत मशीन मिळेल का?" ते हो म्हणाले, तेव्हाच पैसे भरले. घरच्यांना बसवून हे पान लिहा. त्यांना दिसणारी कारणं आपल्याला दिसत नाहीत.

६. छाटणीला आढावा

वर्षातून दोनदा वही उघडायची. मी एप्रिल आणि ऑक्टोबर धरले आहेत, आपल्याकडच्या द्राक्षबागांसारखेच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड धरतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ते दिसू लागतात. शिकलेलं कामही तसंच, लगेच पगारात दिसत नाही. म्हणून आढाव्यात आधी पगार बघू नका. पहिलं पान काढा आणि गेल्या सहा महिन्यांत उजव्या रकान्यात एक तरी ओळ वाढली का, ते बघा. लागोपाठ दोन आढाव्यांत वाढली नसेल, तर साहेबांकडे वेगळं काम मागा. तेही मिळालं नाही, तर पायरी दोनमधल्या माणसांना पुन्हा फोन करा.