शेल एक्स्टेंशन लिहायला बसण्याआधी

शेलला (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) स्वतःची कमांड जोडायची असेल तर कोणती लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यायची हे विचारण्याआधी कमांडनं काय करायचंय ते एका ओळीत लिहून काढा. समजा जिल्ह्याचं नाव टाकलं की त्याच्या पावसाच्या नोंदींच्या फोल्डरमध्ये नेणारी आणि तालुक्यांचा तक्ता दाखवणारी कमांड हवीय. पायथनमध्ये ती एका बैठकीत लिहून होईल, पण चालवली की तुम्ही होता तिथंच! चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे शेलनं सुरू केलेल्या प्रोग्रामला, पॅरेंट शेलचं फोल्डर बदलता येत नाही, लायब्ररी कितीही भारी असो. त्यामुळे शेलमध्ये चार ओळींचं फंक्शन ठेवायचं. प्रोग्रामनं नुसता पत्ता छापायचा, 'सीडी' (फोल्डर बदलायची कमांड) त्या फंक्शननं करायचं. फोल्डरांत पटकन उड्या मारायचं झेडऑक्साइड हे टूल असंच चालतं, त्याचा कोड वाचून ठेवा.

मग वापरणाऱ्याकडं कोणता शेल आहे ते बघा. उबुंटूवर बॅश, मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून झेडशेल, विंडोजवर पॉवरशेल. मॅकमध्ये सोबत येणारा बॅश अजून 3.2 च आहे, त्यामुळे 2009 साली 4.0 मध्ये आलेले असोसिएटिव्ह अ‍ॅरे (नावानं किंमत शोधायच्या याद्या) तिथं चालायचे नाहीत.

टॅब दाबल्यावर नावं सुचायला हवी असतील तर गो भाषेत कोब्रा लायब्ररी घ्या, बॅश, झेडशेल, फिश आणि पॉवरशेल चारही सांभाळतं. रस्ट भाषेत क्लॅप आणि त्याच्या जोडीचं क्लॅप-कम्प्लीट. पायथनमध्ये कमांडचे पर्याय वाचणारं आर्गपार्स घरचंच आहे, त्याला आर्गकम्प्लीट जोडलं की बहुतेकांचं भागतं. मात्र इथं प्रत्येक टॅबला तुमची स्क्रिप्ट नव्यानं सुरू होते. फाइलीच्या वरच पांडाजसारखी जड लायब्ररी इंपोर्ट करून ठेवलं असेल तर टॅब दाबून वाट बघत बसा.

देवनागरीचा विचार आधीच करा, ऐनवेळी तो फार छळतो. 'हिंगोली' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ते 7 कोडपॉइंट (मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून) आणि यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे फाइलीत साठवताना, 21 बाइट. पायथनचं लांबी मोजणारं लेन 7 सांगतं, बॅशच्या प्रिंटएफ या छापायच्या कमांडमधली रुंदी मात्र बाइटांवर मोजली जाते, त्यामुळे हिंगोलीपुढचा रकाना एकीकडं आणि बीडपुढचा भलतीकडं. पायथनमध्ये अक्षर टर्मिनलवर किती जागा घेतं ते सांगणारी डब्ल्यूसीविड्थ लायब्ररी बरीच मदत करते, पण मात्रेला किती जागा द्यायची यावर टर्मिनलांचंच एकमत नाही. माझं मत विचाराल तर आकडे आधी छापा, नाव शेवटच्या रकान्यात टाका. वाकडं व्हायला पुढं काही उरतच नाही.

वाळूजमधल्या एखाद्या कारखान्याला सोर्स न देता विकायचं असेल तर लायसन्स वाचा. ओळ एडिट करण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं रीडलाइन जीपीएलखाली (प्रोग्राम देताना सोर्सही द्यायला लावणाऱ्या लायसन्सखाली) आहे, तिथं अशी अट नसलेल्या बीएसडी लायसन्सचं लिबएडिट बरं. लायब्ररीचा शेवटचा रिलीज कधीचा आणि उघडे इश्यू कुणी बघतं का, तेवढं चाळून घ्या. गिटहबवरच्या ताऱ्यांना भुलू नका.

सणासुदीला गावी जाऊन लिहिणार असाल तर नेटचा भरवसा धरू नका. पिप डाउनलोड, गो मॉड व्हेंडर किंवा कार्गो व्हेंडर या लायब्ररी उतरवून ठेवायच्या कमांड शहरातच चालवून घ्या. पिपनं आणलेल्या काही फाइली ठरावीक पायथन व्हर्जनलाच चालतात, गावच्या मशीनवर कोणतं आहे ते आधी बघा. शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेकही टाकून न्या, कारण फोल्डरच्या नावात स्पेस असली की कोट न केलेला (अवतरणात न घातलेला) व्हेरिएबल फुटतो आणि आपल्याकडं 'लातूर जिल्हा' असंच नाव ठेवायची पद्धत आहे.