एनबीएचे ऑलटाइम ग्रेट प्लेअर: भांडा, पण यादी नीट लावून भांडा

१ जूनला मासेमारी बंद होते आणि नेमकी त्याच महिन्यात एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल, आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमाराला. त्यामुळे मालवण-कुडाळ पट्ट्यात जी काही टाळकी बास्केटबॉल बघतात त्यांचा वाद पावसातच पेटतो, मायकल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स, आणि मध्येच कोणीतरी जुन्या काळातल्या बिल रसेलचं नाव काढलं की संपलंच सगळं, दुसरा लगेच ओरडणार, "मेल्या, तेव्हा आठच टीम होत्या!" वाद घालायला माझी ना नाही. पण यादीच करायची असेल तर तिला काहीतरी पद्धत पाहिजे, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचा प्लेअर पहिला.

तर एक वही घ्या. मोबाइलच्या नोट्समध्ये नको, तिथे खोडलेलं दिसत नाही आणि मग माणूस गुपचूप नियम बदलतो. पहिल्या पानावर नावं लिहायचीच नाहीत, प्रश्न लिहायचा. सगळ्यात भारी म्हणजे नक्की काय? ऐन भरातली दोन-तीन वर्षं बघायची, अख्खी करिअर बघायची, की टीमला किती जिंकून दिलं ते? या तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. बिल वॉल्टन घ्या, १९७७ ला पोर्टलँडला चॅम्पियन केलं, १९७८ ला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर), त्या काळात त्याच्यासारखा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर) कोणी नव्हता असं म्हणायला जागा आहे, पण पायाच्या दुखापतींनी पुढची वर्षं खाल्ली. दुसरीकडे करीम अब्दुल-जब्बार, २० सीझन, ६ एमव्हीपी, ६ टायटल, ३८,३८७ पॉइंट. भराच्या यादीत वॉल्टन बराच वर येतो, करिअरच्या यादीत करीमच्या जवळपासही नाही. मी करिअरला निम्मं वजन देतो, भराला त्याहून थोडं कमी आणि उरलेलं टायटलना. तुम्ही वेगळं द्या, फक्त नावं लिहायच्या आधी ठरवा आणि नंतर हलवू नका.

आता खरी मारामारी, म्हणजे आकडे. विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ ला मॅचमागे ५०.४ पॉइंट काढले, त्याच सीझनला २ मार्च १९६२ ला एका मॅचमध्ये १०० केले, आणि सरासरी मिनिटं ४८.५, म्हणजे मॅचच ४८ मिनिटांची असताना हा ओव्हरटाइम धरून जवळपास बसलाच नाही. हे वाचून कोणीही त्याला एक नंबरला टाकेल. पण तेव्हा खेळ पळापळीचा होता, एकेक टीम मॅचला शंभरावर शॉट मारायची आणि दहातले जेमतेम चार आत जायचे, म्हणजे उरलेले सगळे रिबाउंडला (हुकलेला बॉल पकडायला) मोकळे. ऑस्कर रॉबर्टसनची ट्रिपल-डबल सरासरीसुद्धा (पॉइंट, रिबाउंड आणि बास्केट करून देणारे पास, तिन्ही दहाच्या वर) त्याच सीझनची. हे आकडे खोटे नाहीत हो, पण आजच्या आकड्यांशेजारी ठेवायचे नाहीत. आजोबांनी रापणीत (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) किती म्हावरं ओढलं ते कोणी आजच्या पर्ससीनच्या (बोटीवरच्या मोठ्या जाळ्याच्या) कॅचशी तोलत नाही, त्या साली त्याच किनाऱ्यावर बाकीच्या रापणींना किती मिळालं ते विचारतात. इथेही तेच करा, प्रत्येक प्लेअरसमोर त्याच्याच सीझनची लीग ठेवा, दुसऱ्या नंबरवाल्यापेक्षा तो किती पुढे होता ते लिहा, आणि असं सलग किती वर्षं चाललं तेही. या मापाने विल्ट तरीही प्रचंडच निघतो, फक्त ५० आणि जॉर्डनचे ३० असा सरळ सामना होत नाही. आणि गंमत बघा, त्या ५०.४ वाल्या सीझनला एमव्हीपी मिळाला तो बिल रसेलला. तेव्हा मतं प्लेअरच द्यायचे, पत्रकारांकडे मतदान गेलं ते १९८०-८१ पासून. म्हणजे समोर उभं राहून खेळणाऱ्यांनीच रसेलला निवडलं, ही गोष्ट मी वहीत ठळक लिहिलीय.

जे मोजलंच नाही त्याचं काय करायचं? ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) आणि स्टील (बॉल हिसकावणं) लीगने मोजायला सुरुवात केली १९७३-७४ पासून, आणि रसेल रिटायर झाला १९६९ ला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तो ओळखला जातो तिचा रकानाच रिकामा. फायनल्स एमव्हीपीही (फायनलचा सर्वोत्तम प्लेअर) १९६९ पासूनच, आणि पहिलाच मिळाला हरलेल्या टीमच्या जेरी वेस्टला, त्यामुळे रसेलच्या नावापुढे शून्य फायनल्स एमव्हीपी बघून कोणी नाक मुरडत असेल तर त्याला चहा पाजा आणि हे सांगा. थ्री-पॉइंटची लाइन (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट) आली १९७९-८० ला, आणि सुरुवातीला टीम मॅचला जेमतेम तीन असे शॉट मारायच्या, आता तीसच्या वर जातात. स्टेफ करीने २०१५-१६ ला ४०२ थ्री टाकले, त्याची तुलना लॅरी बर्डच्या थ्रीशी करून काय मिळणार? बर्ड आज असता तर दिवसाला किती मारले असते वगैरे टाइममशीनचे वाद मी यादीत घेतच नाही. घ्यायचेच असतील तर दोन्ही बाजूंनी घ्या, बर्डला आजचे फिजिओ आणि ट्रेनिंग द्या आणि आजच्या पोरांना तेव्हाचे बूट घालून साध्या विमानातून फिरवा.

यापेक्षा मला एक दुसरंच माप जास्त आवडतं, आणि ते कोणी फारसं लावत नाही: लीगने तुझ्यामुळे नियम बदलला का? जॉर्ज मायकन बास्केटखाली इतका अडवून बसायचा की १९५१ ला लेन (बास्केटसमोरची जागा, जिथे हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) ६ फुटांवरून १२ फूट केली. मग विल्ट आला आणि १९६४ ला तीच १६ फूट झाली. आकड्यात काळाची भेसळ असते, पण अख्खी लीग मिळून एका माणसाला बास्केटपासून लांब ढकलायला बसते तेव्हा त्याचा दरारा काय असेल ते वेगळं सांगायला नको. माझ्या यादीत मायकन पहिल्या दहात नाही, पण लोक त्याला जुनापुराणा म्हणून सरळ फेकतात ते मला पटत नाही.

रिंगांकडे (टायटल जिंकल्यावर मिळणाऱ्या अंगठ्या) या आता. नुसत्या मोजायच्या असतील तर रॉबर्ट हॉरीकडे ७ आहेत आणि जॉर्डनकडे ६, पुढचं तुम्हीच बोला. वेस्ट ९ फायनल खेळला, जिंकला एकच. म्हणून प्रत्येक टायटलसमोर लिहा की त्या टीमचा पहिला माणूस कोण होता. जॉर्डनच्या सहाही टायटलला फायनल्स एमव्हीपी तोच. कोबी ब्रायंटच्या पाचपैकी पहिल्या तीन वेळेला तो मान त्याच्याच टीममधल्या शॅकला (शॅकिल ओनील), २००९ आणि २०१० मात्र पूर्ण त्याची. दुसऱ्या माणसाच्या टायटलला मी अर्धं वजन देतो, कोबीवाले शिव्या घालतात, घालू देत. रसेलची १३ सीझनमध्ये ११, पण सुरुवातीला लीग आठ टीमची होती आणि बहुतेक वर्षं टायटलसाठी दोनच सिरीज (एकाच टीमशी अनेक मॅच) जिंकायच्या असायच्या, आज चार जिंकाव्या लागतात. हे कापायला पाहिजे, मी कापतो. फक्त उलट बाजूही लिहा: आठच टीम म्हणजे जागा कमी, चांगले प्लेअर दाटीवाटीने, आणि विल्टसारखा माणूस वर्षातून कितीतरी वेळा समोर. अर्थात तेव्हा प्लेअर जवळपास सगळे अमेरिकेतलेच. आज २०१९ ते २०२५ बघितलं तर एकही एमव्हीपी अमेरिकेत जन्मलेला नाही, यानिस, योकिच, एम्बीड, गिल्जस-अलेक्झांडर, सगळे बाहेरचे. आजच्या पहिल्या नंबरला अख्ख्या जगातून वर यावं लागतं, याचे चार मार्क मी नव्यांना जास्त देतो.

डॉक्टर जे उर्फ ज्युलियस अर्विंगसारख्यांचं एबीएमधलं (तेव्हाची दुसरी लीग) खेळणं धरायचं का? धरायचं. १९७६ ला चार टीम तिथून एनबीएत आल्या, त्या काही गल्लीतल्या टीम नव्हत्या.

व्हिडिओ बघायचे तर पूर्ण मॅच बघा. हायलाइट्समध्ये सगळेच देव दिसतात. आपल्याकडे पावसात लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही, त्यामुळे रात्री नेट चालू असताना डाउनलोड करून ठेवायचं. रसेल बघताना बॉल कुठे जातो तेवढंच बघा, ब्लॉक करून तो बॉल प्रेक्षकात भिरकावत नाही, आपल्याच माणसाकडे ढकलतो आणि टीम पळायला लागते. टिम डंकन बघताना झोप येईल, तरी बघा. १९९९ ते २०१४ मध्ये पाच टायटल आहेत त्याच्याकडे आणि एकातही आरडाओरडा नाही.

हे सगळं लिहून झालं की १, २, ३ असे नंबर टाकू नका, गट करा. चौथा आणि पाचवा यातला फरक सिद्ध करता येत नाही, गटातला येतो. माझा पहिला गट जॉर्डन, लेब्रॉन, करीम, रसेल. दुसऱ्यात मॅजिक जॉन्सन, विल्ट, बर्ड, डंकन, शॅक, आणि त्यांच्याच शेजारी हकीम ओलाजुवान, कारण १९९४ ला एमव्हीपी, बेस्ट डिफेंडर आणि फायनल्स एमव्हीपी हे तिन्ही एकाच सीझनला त्याने घेतले. कोबी आणि करी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या रेषेवर उभे आहेत, त्यांना मी दरवर्षी हलवतो.

जे अजून खेळतायत ते पेन्सिलने लिहायचे. योकिचकडे ३ एमव्हीपी आणि २०२३ चं टायटल आहे, तोही ड्राफ्टमध्ये (नव्या प्लेअरांच्या निवडीत) ४१ व्या नंबरवर निवडलेला, म्हणजे पुढे कुठे जाईल काही सांगता येत नाही, त्याच्यासाठी जागा सोडून ठेवा. लेब्रॉनचं नाव पेन्सिलने की पेनाने यावरून आमच्यात अजून जुंपलेली आहे. मी पेनाने लिहिलंय.