पाचट पेटवू नका, कुट्टी करा: मल्चर घेताना आणि वापरताना काय बघायचं

उसाच्या तोडण्या जोरात सुरू झाल्यात आणि संध्याकाळी कुठल्याही रस्त्यानं निघालं तरी एखादं रान पेटलेलं दिसतंच. बघून जीव तुटतो खरंच. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, निघतं, म्हणजे एकरी तीन-चार टन माल आपल्याच शेतात पडलेला असतो आणि काडी लावली की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र दोन्ही धुरात जातं, वर वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात ते वेगळंच. त्यामुळं यंदा मल्चर, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडून पाचटाची कुट्टी करणारं मशीन, घ्यायचा विचार असेल तर घ्याच, पण मशीन बघायला जायच्या आधी घरी दोन मापं काढा.

पहिलं माप ट्रॅक्टरचं. मागच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत टेप लावा, मल्चरच्या कापणीची रुंदी तेवढी तरी हवीच, नाहीतर टायरनं दाबलेलं पाचट तसंच राहतं. दुसरं म्हणजे ताकद. रुंदीच्या एका फुटाला साधारण 8 ते 10 एचपी धरा, म्हणजे 45-50 एचपीच्या ट्रॅक्टरला पाच ते सहा फुटी बास. ट्रॅक्टरवर लिहिलेला एचपी इंजिनचा असतो, पीटीओला (मागचं मशीन फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्याला) त्यापेक्षा कमीच मिळतो, हे विसरून लोक सात-आठ फुटी उचलून आणतात आणि मग जाड पाचटात प्रत्येक सरीला इंजिन दबतं, बेल्ट जळतात, डिझेल जातं. शेजाऱ्याकडं मोठं आहे म्हणून मोठं घेऊ नका. आणि सरीचं अंतरही बघा, साडेचार-पाच फुटी सरीत टायर सरीतनं नीट चालतात, तीन फुटी सरीत बुडख्यांवरनंच (तोडणीनंतर राहिलेल्या बुंध्यांवरनं) जाणार, तिथं मशीन कितीही भारी असलं तरी खोडव्याचं, म्हणजे त्याच बुडख्यांतनं फुटणाऱ्या पुढच्या पिकाचं, नुकसान.

पाती दोन प्रकारची मिळतात. हॅमर जाड असतात, जाड पाचट, पऱ्हाटी, छाटणीच्या काड्या यांना चांगले, दगडाला टिकतात पण ताकद जास्त खातात. वाय पाती हलकी, गवत आणि पातळ पाचट साफ कापतात. आपल्या उसासाठी मी हॅमरच म्हणेन. पण मल्चर खाली टेकवून त्यानंच बुडखे छाटायला जाऊ नका! हॅमर बुडखा कापत नाही, फाडतो, आणि फाटलेल्या बुडख्यात बुरशी शिरते. बुडखे छाटायचं काम धारदार कोयत्यानं नाहीतर स्टबल शेव्हरनं (बुडखे छाटायच्या यंत्रानं) जमिनीलगत करायचं, मल्चर जमिनीपासून दोन इंच तरी वर ठेवायचा, नाहीतर माती आणि खडे खाऊन पाती आठवड्यात गोल होतात.

विकत घेताना विचारायचंच असं एक म्हणजे फ्रीव्हील (एकाच दिशेनं जोर देणारा जोड) आहे का. रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, जड असतो, क्लच दाबला तरी फिरतच राहतो, फ्रीव्हील नसेल तर तो झटका उलटा ट्रॅक्टरच्या पीटीओवर येतो. आणि अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती आल्यावरच बिल करा, आधी घेतलं तर अनुदान गेलं.

आता चालवताना. ड्रिपच्या नळ्या आधी गुंडाळा, सगळ्या, एकही विसरू नका, एक लॅटरल रोटरला गुंडाळली की अर्धा दिवस चाकू घेऊन बसावं लागतं. सकाळी दव असताना पाचट चिवट असतं आणि गुंडाळतं, दहा-अकरानंतर ऊन लागलं की कडक होऊन बारीक तुटतं. पीटीओ पूर्ण 540 फेऱ्यांवर (मिनिटाला) आणि गिअर लहान, वेग वाढवून एकर मोजायच्या नादात कुट्टी लांब राहते. इकॉनॉमी पीटीओ (इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून डिझेल वाचवणारा) जाड पाचटात नकोच. दर तासा-दीड तासानं थांबून रेडिएटरची जाळी साफ करा, पाचटाच्या भुशानं ती बंद होते आणि इंजिन तापतं. मागं-पुढं माणूस, पोरं, जनावरं कुणी नको, खडा गोळीसारखा उडतो, मागची साखळी किंवा रबरी पडदा काढून मशीन चालवू नका म्हणजे नाहीच.

मेंटेनन्समधे सगळ्यात महत्त्वाचा रोटरचा बॅलन्स. एक हॅमर तुटला आणि तसंच चालवलं तर मशीन थरथरायला लागतं आणि ती थरथर बेरिंग खाते. तुटलेला बदलताना त्याच्या समोरचाही बदला, आणि दोन्ही नवे काट्यावर ठेवून वजन सारखं आहे का बघा. बोल्टचं भोक लांबट झालेलं दिसलं तर हॅमर जाड असला तरी फेकून द्या. रोज संध्याकाळी इंजिन बंद, चावी खिशात, मगच रोटरची दोन्ही टोकं बघा. तिथं पाचट गुंडाळून दोरासारखं घट्ट बसतं, बेरिंगचं सील कापतं, ग्रीस बाहेर येतं, बेरिंग तापतं आणि तिथल्याच वाळक्या पाचटाला आग लागते, म्हणून पाण्याचा कॅन ट्रॅक्टरवर असू द्या. ग्रीस रोजच्या रोज. गिअरबॉक्सला 90 नंबरचं ऑईल, पहिलं 50 तासांनी बदलायचं कारण नव्या गिअरचा चुरा त्यात असतो. बेल्ट एक गेला तर सगळा सेट बदला, जुन्यात नवा घातला की सगळा लोड नव्यावरच येतो.

कुट्टी झाली की त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या, युरिया नाही टाकला तर कुजताना जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. हे सगळं कोंब वर यायच्या आत उरका.

हंगाम संपल्यावर मशीन धुऊन, बेल्ट ढिले करून, रोटरला जुनं ऑईल लावून लाकडी ठोकळ्यांवर शेडमधे ठेवा, आणि हॅमरचा एक सेट पावसाळ्यातच आणून ठेवा, तोडणी सुरू झाली की दुकानात मिळत नाहीत.