कृष्णेचं श्वसन मोजताय? हवेचा दाब कुठून घेतलात ते आधी बघा

विरघळलेल्या ऑक्सिजनच्या दिवसरात्रीच्या चढउतारावरून नदीचं उत्पादन (वनस्पती-शेवाळ सोडतात तो ऑक्सिजन) आणि श्वसन (नदीतले जीव वापरतात तो) काढायची पद्धत परिसंस्थाशास्त्रज्ञ ओडम यांनी १९५६ मध्ये मांडली. समीकरण साधं आहे: प्रकाशसंश्लेषणाची भर, श्वसनाची घट आणि हवेशी होणारी देवाणघेवाण. पहिल्या दोन गोष्टींवर सगळेच बोलतात. सांगलीत नव्याने काम सुरू करणाऱ्यांना मी तिसरीबद्दलच सांगेन, कारण मला तिनेच रडवलंय.

देवाणघेवाण काढायला संपृक्ततेचा, म्हणजे हवेशी समतोलात असताना पाण्यात किती ऑक्सिजन मावतो त्याचा आकडा लागतो आणि त्यासाठी हवेचा दाब. तो आपण बिनधास्त हवामानाच्या ॲपवरून उचलतो, १०१० मिलिबार वगैरे. हा दाब समुद्रसपाटीच्या पातळीला आणून दिलेला असतो. सांगली साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. हरिपूरच्या घाटावर बॅरोमीटर धरलात तर तो ९५० च्या आसपास दाखवेल. २५ अंशांना समुद्रसपाटीवर संपृक्तता ८.२६ मिलिग्रॅम प्रति लिटर असते, इथे ७.७ च्या जवळपास. फरक अर्ध्या मिलिग्रॅमचा, त्यामुळे गाईडसुद्धा ‘चालतंय की’ म्हणून जातात. अजिबात चालत नाही! देवाणघेवाणीचा दर दिवसाला ४ असेल, तर लिटरमागे रोज २ मिलिग्रॅम जास्तीचा ऑक्सिजन हवेतून आला असं मॉडेल धरून चालतं. तो आलेलाच नसतो. मग हिशोब जुळवायला मॉडेल तेवढं श्वसन वाढवतं, आणि बऱ्यापैकी स्वच्छ पट्टाही कागदावर मळी सोडल्यासारखा दिसतो.

त्यात दाब दोन ठिकाणी शिरतो: प्रोबच्या (पाण्यात ठेवायच्या ऑक्सिजन-मापकाच्या) कॅलिब्रेशनमध्ये आणि नंतर संपृक्ततेच्या हिशोबात. दोन्हीकडे तोच चुकीचा आकडा असेल तर सगळं सारख्याच प्रमाणात, सहा-सात टक्क्यांनी फुगतं, आणि आलेख इतका शहाण्यासारखा दिसतो की शंकाच येत नाही. एकीकडे बरोबर, दुसरीकडे चूक, असं झालं की खरा गोंधळ. म्हणून किनाऱ्यावर दाबाचा लॉगर ठेवा. तो नसेल तर उंचीवरून दाब काढा, तेवढंही पुष्कळ होतं. आणि जुना डेटा टाकून देऊ नका. कॅलिब्रेशनची नोंद असेल तर तो दुरुस्त होतो.

‘समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) वापरली की हे सगळं सुटतं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. संपृक्ततेचा तोच आकडा तिथेही लागतो. पण पद्धत सुंदर आहे. हवेशी समतोलात असलेल्या विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजन-१८ चं, म्हणजे जड ऑक्सिजनचं मूल्य (ठरलेल्या प्रमाण-पाण्यापेक्षा किती जास्त ते) प्रति हजार २४ च्या आसपास असतं. प्रकाशसंश्लेषणातून सुटणारा ऑक्सिजन पाण्याचं मूल्य घेऊन येतो, म्हणजे बराच हलका. श्वसन हलका ऑक्सिजन आधी वापरतं आणि जड मागे राहतो. त्यामुळे मूल्य दिवसा उतरतं, रात्री चढतं. फक्त पाण्याचं मूल्य स्वतः मोजा. उन्हाळ्यात बंधाऱ्यात साठून बाष्पीभवन झालेलं पाणी पावसाळ्यातल्यासारखं नसतं. श्वसन हलक्याची किती निवड करतं त्यासाठी पुस्तकातला प्रति हजार १८ ते २० चा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. गाळात ऑक्सिजन झिरपायलाच वेळ लागतो, तिथे ही निवड बरीच कमी दिसते.

नमुन्याच्या बाटलीत एक बुडबुडा राहिला तरी नमुना गेला. नमुन्यातले जीव मारायला त्यात घालतात ते मर्क्युरिक क्लोराईड जहाल विष आहे. हातमोजे घाला आणि उरलेला थेंबही घाटावर ओतू नका. प्रयोगशाळेशी आधी बोला, कारण पाण्याची समस्थानिकं करणारे सगळेच विरघळलेल्या ऑक्सिजनची करत नाहीत.

जागा निवडताना वारणेच्या संगमाच्या तोंडाशी प्रोब टाकू नका, दोन पाणी नीट मिसळलेली नसतात. बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असेल तर त्याच्या लगेच खालीही नको. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले किंवा कोयना धरणातून विसर्ग वाढवला की तो दिवस वगळा. केंदाळाने (जलपर्णीने) झाकलेल्या पाण्यात उत्पादन जवळजवळ शून्य आलं तर घाबरू नका: ही वनस्पती पानांतून ऑक्सिजन थेट हवेत सोडते, तो प्रोबला दिसणारच नाही.

मॉडेलला सौरवेळ द्या. सांगलीत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण साडेबाराला.

सकाळ-संध्याकाळ दोन नमुन्यांत भागवायचा सल्ला मिळेल, तो नम्रपणे नाकारा. रात्रीचे आकडे नसतील तर श्वसन आणि देवाणघेवाण वेगळी काढता येत नाहीत. गाईड निवडताना मी एकच विचारेन: रात्री नदीवर थांबलाय का कधी? सुरुवातीला आलेख वेडेवाकडे येतात, सगळ्यांचे येतात. प्रोबवरचं शेवाळ रोज मऊ फडक्याने पुसा, निम्मे तिथेच सरळ होतील.