मल्चिंग ब्लेड घेताना जुनं पातं सोबत न्या

गवत कापायच्या मॉवरला मल्चिंग ब्लेड (गवत बारीक करून जमिनीवरच सोडणारं पातं) घ्यायचं असेल तर नुसतं मॉडेल सांगून मागवू नका, जुनं पातं काढून (आधी स्पार्क प्लगची वायर काढा हां!) एका टोकापासून समोरच्या तिरक्या टोकापर्यंत मोजा आणि मधलं भोक गोल आहे की स्टारचं तेही बघा, अर्धा इंच जास्त लांब असलं तरी पातं डेकला (पात्यावरच्या कव्हरला) घासू शकतं. गवत बाहेर फेकायचं तोंड बंद करणारा प्लग पण घ्या, नाहीतर बारीक व्हायच्या आधीच सगळं बाहेर. आणि पावसाळ्यात ओल्या गवतावर मल्चिंग नकोच, डेकखाली शेणासारखा थर बसतो, तेव्हा आपलं हाय लिफ्ट पातंच (गवत वर खेचून बाहेर फेकणारं) बरं. धार लावली की पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून बघा, जी बाजू खाली झुकेल ती थोडी घासा.