अँजिओग्राफी नॉर्मल आल्यानंतरच्या या चुका टाळा

अँजिओग्राफीत अडथळा दिसला नाही की हृदय निर्दोष ठरवून फाइल बंद करणे, ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे. या तपासणीत मोठ्या धमन्या दिसतात. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या चित्रात उमटतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला कोणत्या वेळी किती रक्त मिळेल हे प्रामुख्याने त्याच ठरवतात. हृदय विश्रांतीतही रक्तातील सुमारे 70 टक्के प्राणवायू काढून घेत असल्याने, श्रमाच्या वेळी प्रवाह वाढला नाही तर त्याची उपासमार होते.

रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या एका मधुमेही बाईंना चढ चढताना छातीवर दडपण येत असे. धमन्या स्वच्छ निघाल्या म्हणून त्यांना आधी आम्लपित्ताची आणि नंतर चिंतेची औषधे मिळाली. जिभेखाली ठेवायच्या, वाहिन्या रुंदावणाऱ्या नायट्रेटच्या गोळीने दुखणे थांबत नाही, म्हणजे ते हृदयाचे नाही, असेही त्यांना सांगण्यात आले. वस्तुतः सूक्ष्म वाहिन्यांच्या आजारात ही गोळी अनेकदा पुरेशी लागू पडत नाही आणि श्रम थांबल्यावरही वेदना रेंगाळते. अखेर धमनीत संवेदक असलेली तार घालून, वाहिन्या रुंदावणारे औषध देऊन मोजणी केली, तेव्हा निरोगी हृदयात तिपटी-चौपटीपर्यंत वाढणारा प्रवाह त्यांच्यात दुप्पटही झाला नाही. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे औषध), स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) आणि रक्तदाबावरील काटेकोर नियंत्रण यांनी त्रास पुष्कळ कमी झाला. इतका काळ त्यांच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवला नव्हता, याचा मला आजही राग येतो. म्हणूनच मी अहवालाखाली ‘सूक्ष्म वाहिन्या तपासलेल्या नाहीत’ असे आवर्जून लिहितो.

दुसरी चूक एकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) 60 टक्के, म्हणजे नॉर्मल आहे, मग दम लागतो तो वजनामुळे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. हा आकडा आकुंचनाचा आहे; ताठर झालेले हृदय सैल पडून नीट भरते का, हे त्यावरून कळत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस-एचएफपीईएफ अभ्यासात, इजेक्शन फ्रॅक्शन टिकून असलेल्या हृदयनिकामीपणाच्या 75 टक्के रुग्णांमध्ये सूक्ष्म वाहिन्यांचे कार्य बिघडलेले आढळले. डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याच्या, स्नायूला बहुतांश रक्त ती सैल असतानाच मिळते आणि नाडी जलद झाली की हा वेळ कमी होतो; त्यामुळे नाडीची गती पाहिल्याशिवाय मी औषध ठरवत नाही.

रक्तदाब आटोक्यात आला म्हणून गोळी आपणहून बंद करू नये. धूम्रपान कमी करणे पुरेसे नसते, ते सोडावेच लागते. या वाहिन्यांत स्टेंट बसवता येत नाही आणि त्यांना ‘साफ’ करणारा कोणताही काढा नाही. झटपट उपाय शोधणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही. मधुमेहात लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी टाळू नये, कारण मूत्रपिंडातील बारीक वाहिन्या बिघडल्या असतील तर हृदयातल्याही बिघडल्या असण्याची शक्यता वाढते, आणि ही तपासणी सुईशिवाय होते.